यंत्रातून फिरताना रक्ताचे काय होते?

म्हसळा तालुक्यातून बायपासला किंवा हृदयाची झडप बदलायला निघालेला रुग्ण घोणसे घाट ओलांडतो, माणगावला महामार्गाला लागतो आणि बहुतेक वेळा पनवेल, नवी मुंबई किंवा थेट मुंबई गाठतो. त्याच्याबरोबरच्या माणसांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. रक्ताच्या किती बाटल्या लागतील, हा पहिला. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो: मशीनमधून फिरवल्यावर रक्त खराब होते का? डायलिसिसवरच्या माणसाच्या घरी तर या शंकेला थेट उत्तरच मिळालेले असते. ‘मशीनने रक्ताचे पाणी केले,’ असे सर्रास म्हटले जाते.

शंका अडाणी नाही. हृदय-फुप्फुस यंत्र, डायलिसिसचे यंत्र, फुप्फुस-हृदयाला शरीराबाहेरून दिवसेंदिवस आधार देणारे एकमो, हृदयाला जोडलेला छोटा पंप, या सगळ्यांच्या रचनाकारांना गेली सत्तर वर्षे हाच प्रश्न छळतो आहे. पंप रक्त ढकलतो, पण ढकलताना काही पेशी फोडतो, काहींना जायबंदी करतो आणि काहींना विनाकारण चिथावतो. फक्त हे नुकसान लोकांना वाटते तिथे होत नाही आणि वाटते त्या कारणानेही होत नाही.

पेशी मुळात किती चिवट

तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद आणि दोनेक मायक्रॉन जाड असते. तिला केंद्रक नसते. आत हिमोग्लोबिनचे दाट द्रावण आणि बाहेर पातळ पडदा, एवढाच तिचा संसार. शरीरात अशा पंचवीस लाख कोटींच्या आसपास पेशी असतात. एकेक पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि तेवढ्या काळात तिला स्वतःहून अरुंद केशवाहिन्यांतून आणि प्लीहेतल्या मायक्रॉनभर फटींतून असंख्य वेळा जावे लागते. ते तिला जमते, कारण तिच्या पडद्याचे क्षेत्रफळ आतल्या मालाच्या मानाने बरेच जास्त असते. तेवढाच माल गोल चेंडूत भरला, तर शंभराहून कमी चौरस मायक्रॉन पडदा पुरला असता. पेशीकडे असतो सुमारे १४० चौरस मायक्रॉन. या शिलकीच्या जोरावर ती लांबते, दुमडते आणि फटीतून निसटते.

मात्र शिलकीतला पडदा संपून तो खरोखर ताणला जाऊ लागला, की पेशीचा नाइलाज होतो. क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांनी वाढले तरी पडदा फाटतो. म्हणजे आकार बदलायला पेशी कमालीची तयार, पण ताण सोसायला अगदी कच्ची. पंपाचा सगळा प्रश्न या विसंगतीत आहे.

ताण येतो कुठून? म्हसळ्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी होडी वल्हवणाऱ्याला ठाऊक असते की मधल्या धारेत पाणी जोरात ओढते आणि काठाला जवळजवळ थांबलेले असते. वेगवेगळ्या गतीचे थर एकमेकांवरून घसटत जातात. नळीत किंवा पंपात रक्ताचेही तेच होते, आणि या घसटीला अभियंते कर्तनताण म्हणतात. निरोगी धमनीच्या भिंतीशी तो साधारण एक-दोन पास्कल असतो. फिरते पाते आणि पंपाचे कवच यांच्यामधल्या फटीत तो शेकडो पास्कलवर जाऊ शकतो.

दीडशेचा आकडा

पेशी किती ताणाला फुटते, हे मोजायचा एक पायाभूत प्रयत्न अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात झाला. लेव्हरेट, हेलम्स आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवले की सुमारे १५० पास्कलपर्यंत पेशींची हानी मुख्यतः यंत्राच्या पृष्ठभागाशी येणाऱ्या संपर्कामुळे होते. त्यापुढे निव्वळ ताणच पेशी फोडू लागतो. हा आकडा अजूनही पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून आहे. मात्र त्यांच्या प्रयोगात रक्त मिनिटांच्या हिशेबाने ताणाखाली होते. आजच्या पंपातल्या सगळ्यात अरुंद फटीतून पेशी काही मिलिसेकंदांत पार होते, म्हणून तिथे ती याहून बराच मोठा ताणही पचवते.

ताण आणि वेळ यांची सांगड १९९० मध्ये गिअरसिपेन आणि सहकाऱ्यांनी एका सूत्रात घातली. त्यात ताणाचा घातांक २.४१६ आणि वेळेचा ०.७८५ आहे. ताण दुप्पट झाला तर हानी पाचपटीहून जास्त होते. वेळ दुप्पट झाली तर पावणेदोनपटही होत नाही. हे सूत्र प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त हानी सांगते, असे पुढे लक्षात आले. तरीही संगणकावर पंप आखणारे त्याचा आधार घेतात, कारण दोन नमुन्यांतला कोणता बरा एवढे सांगायला ते पुरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका साध्या नळीवजा नमुन्यातल्या प्रवाहाचे गणित जगभरच्या २८ गटांकडून करून घेतले, तेव्हा उत्तरांत मोठी तफावत आढळली. गणित अजून पक्के बसलेले नाही, म्हणून शेवटी पंपात खरे रक्तच घालून पाहावे लागते.

ती परीक्षाही ठरलेली आहे. गायीचे किंवा डुकराचे रक्त ३७ अंशांवर ठेवून मिनिटाला पाच लिटर या वेगाने, १०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाविरुद्ध सहा तास फिरवतात. किती हिमोग्लोबिन पेशींबाहेर सांडले ते मोजतात.

रोलर आणि परफ्युजनिस्टची बोटे

हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने माणसावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात केली. मुंबईत नायर रुग्णालयात डॉ. के. एन. दस्तूर यांनी १९६१ मध्ये असे यंत्र वापरून हृदय उघडले, आणि भारतातल्या अगदी पहिल्या अशा शस्त्रक्रियांत तिची गणना होते. केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा विभाग त्याच काळात उभा राहत होता. याच सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, पण जगात तोवर असे प्रयत्न बोटांवर मोजण्याइतकेच झाले होते.

त्या पिढीच्या यंत्रांत रक्ताचे हाल मोठे होते. प्राणवायूचे बुडबुडे थेट रक्तातून सोडले जात. हवा आणि रक्त जिथे भेटतात तिथे प्रथिनांची घडी मोडते आणि पेशींचे पडदे दुबळे होतात. यंत्र भरायलाच ताज्या रक्ताच्या कितीतरी बाटल्या लागत. पुढे पोकळ तंतूंचे ऑक्सिजनेटर आले आणि रक्त व वायू यांच्यात पडदा पडला. यंत्र रक्ताऐवजी सलाइनसारख्या द्रावणाने भरण्याची पद्धत रुळली. रक्त पातळ झाल्यामुळे घसटही घटली.

पंप मात्र अनेक ठिकाणी तोच राहिला. रोलर पंपात प्लास्टिकची लवचिक नळी नालेच्या आकाराच्या खाचेत बसवलेली असते आणि दोन फिरते रूळ ती दाबत रक्त पुढे सारतात. नळी किती दाबायची, ही यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या, म्हणजे परफ्युजनिस्टच्या, हातातली गोष्ट. शस्त्रक्रियेआधी तो पंपापुढच्या नळीत द्रवाचा सुमारे मीटरभर उंच स्तंभ उभा करतो, रूळ थांबवून ठेवतो आणि पातळीकडे बघत बसतो. पातळी मिनिटाला जेमतेम सेंटिमीटरभर उतरली, तर रुळाची पकड बरोबर. अजिबात हलली नाही, तर नळी जास्त आवळली आहे, पेशी चिरडतील. भराभर उतरली, तर पकड सैल आहे. मग रक्त रुळाखालच्या चिंचोळ्या फटीतून जोराने मागे फिरेल आणि पेशी त्यातही फुटतील. बोटाने स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा पातळी बघायची. कोट्यवधी पेशींचे नशीब या स्क्रूच्या एखाद्या वळणावर अवलंबून असते.

एवढे करूनही बायपासच्या शस्त्रक्रियेत सर्वात जास्त पेशी मुख्य पंपात मरतच नाहीत. त्या मरतात सक्शनच्या नळीत. छातीत साचलेले रक्त ओढून परत यंत्रात घेताना रक्ताबरोबर हवाही ओढली जाते. ओढ तीव्र, हवा आणि रक्त घुसळलेले, वर जखमेवरच्या पृष्ठभागाचा संपर्क. म्हणून अनुभवी शल्यविशारद सक्शन हलक्या हाताने वापरतात, आणि अनेक ठिकाणी ते रक्त धुऊन फक्त पेशी परत दिल्या जातात.

मग यंत्रच नको, अशी एक वाट निघाली. धडधडत्या हृदयावरच बायपास करायचा. भारतात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, आणि त्याला यंत्राच्या संचाचा वाचणारा खर्चही कारण आहे. यंत्र टाळले की रुग्ण जास्त जगतात का, हे तपासायला ‘कोरोनरी’ नावाच्या चाचणीत १९ देशांतले ४,७५२ रुग्ण घेतले गेले. त्यात भारतातलेही होते. २०१२ मध्ये तीस दिवसांचे आणि २०१६ मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष आले. मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मूत्रपिंड निकामी होणे यांचा एकत्रित हिशेब दोन्ही गटांत जवळपास सारखाच निघाला. काही तासांच्या यंत्रसंगतीतून होणारी रक्ताची हानी बहुतेकांचे शरीर निस्तरते, असा त्याचा एक अर्थ.

सांडलेल्या हिमोग्लोबिनची वाट

निस्तरते म्हणजे काय करते? पेशी फुटली की हिमोग्लोबिन रक्तद्रवात येते. तिथे हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन त्याला मिठी मारते आणि यकृत व प्लीहेतल्या पेशी ही जोडगोळी गिळून टाकतात. हॅप्टोग्लोबिनचा साठा मर्यादित असतो. दर डेसिलिटरला साधारण शंभर मिलिग्रॅम हिमोग्लोबिन आवरेल, एवढाच. तो संपला की मोकळे हिमोग्लोबिन मूत्रपिंडात गाळले जाते, तिथल्या नलिकांना इजा करते आणि लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद होते. शिवाय ते नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. हा वायू रक्तवाहिन्या सैल ठेवतो. तो गेला की वाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. पेशी फुटण्याचा खरा भुर्दंड म्हणजे कमी झालेल्या पेशी नव्हेत, तर बाहेर पडलेला हा माल.

डायलिसिसचा आरोप इथे तपासून घेता येतो. तिथेही रोलर पंपच असतो. मिनिटाला ३०० मिलिलिटर या वेगाने चार तासांत ७२ लिटर रक्त यंत्रातून जाते. अंगात रक्त पाच लिटर धरले, तर ते सगळे चौदा वेळा फिरते. तरीही नीट चाललेल्या डायलिसिसमध्ये फुटणाऱ्या पेशी नगण्य असतात. या रुग्णांचे रक्त कमी होते ते मुख्यतः निकामी मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक पुरेसे बनवत नाही म्हणून. त्यात अंगात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे पेशींचे आयुष्य घटते आणि नळ्यांत व फिल्टरमध्ये थोडे रक्त दर वेळी मागे राहते. रक्त ‘पाणी’ होण्यात पंपाचा वाटा फार थोडा.

धोका असतो तो पंपाच्या आजूबाजूला. नळी मुडपली, सुई बारीक पडली किंवा डायलिसिससाठी हातावर जोडलेल्या वाहिनीतून (फिस्टुलातून) पुरेसे रक्त येत नसताना पंप जोरात चालवला, तर ओढीचा दाब फार ऋण होतो आणि चिंचोळ्या जागी पेशी फुटू लागतात. मे १९९८ मध्ये अमेरिकेत तीन राज्यांतल्या डायलिसिस रुग्णांना अचानक पोटदुखी, छातीत दुखणे आणि रक्तदाब वाढणे असा त्रास झाला. शोध घेतल्यावर कळले की रक्ताच्या नळीसंचात एका जागी छिद्र ठरल्यापेक्षा अरुंद राहिले होते. पंप आणि यंत्र दोन्ही ठीक होते. पाण्यात क्लोरामाइन उरले तरी पेशी फुटतात, म्हणून केंद्रातल्या पाण्याची तपासणी ही पंपाच्या देखभालीइतकीच महत्त्वाची मानतात.

इजिप्तच्या शेतातला स्क्रू

तासांचा हिशेब जमला, पण महिने-वर्षांचे काय? थकलेल्या हृदयाला कायमचा जोडायचा पंप रोज ७,२०० लिटर रक्त हलवतो. वर्षाला सव्वीस लाख लिटर.

सुरुवातीचे पंप हृदयासारखे फुगत-आकसत. ते अवजड होते आणि त्यांचे पडदे फाटत. अमेरिकी डॉक्टर रिचर्ड वॅम्पलर यांनी १९७६ मध्ये इजिप्तमधल्या एका खेड्यात शेतकऱ्यांना आर्किमिडीजच्या स्क्रूने पाणी उपसताना पाहिले आणि तसाच स्क्रू धमनीत फिरवायची कल्पना त्यांच्या डोक्यात आली. मिनिटाला पंचवीस हजार फेरे घेणारे पाते रक्ताची चटणी करेल, असे तज्ज्ञांनी बजावले. १९८८ मध्ये ह्यूस्टनला ‘हीमोपंप’ पहिल्यांदा माणसात बसवला गेला आणि रक्ताची चटणी झाली नाही. पेशी त्या पात्यापाशी फार थोडा वेळ होत्या, हे त्याचे उत्तर. आजचा इम्पेला पंप त्याच घराण्यातला आहे आणि त्याचे काही नमुने मिनिटाला चाळीस हजारांवर फेरे घेतात.

पण तांबड्या पेशी वाचल्या म्हणून रक्त वाचले असे होत नाही, हे पुढच्या दोन दशकांत उघड झाले. रक्तात फॉन विलेब्रँड घटक नावाचे लांबलचक प्रथिन गुंडाळलेल्या दोऱ्यासारखे तरंगत असते. जखम झाली की ते उलगडते आणि प्लेटलेटना तिथे चिकटवते. तांबडी पेशी फुटायला लागतो त्याच्या कितीतरी कमी ताणात हा दोरा उलगडतो आणि एक विकर त्याचे तुकडे करते. पंप बसवलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात लांब दोरे कमी झालेले दिसतात. परिणामी काहींना आतड्यातून रक्तस्राव होतो. याच वेळी प्लेटलेट ताणाने चिथावल्या जातात आणि पंपात गुठळी धरते. एकाच रुग्णाला रक्त वाहण्याची आणि रक्त गोठण्याची भीती एकाच वेळी भेडसावते. औषध एकीकडे ओढले की दुसरीकडे तोल जातो.

रचनाकारांची कोंडीही अशीच आहे. फट अरुंद ठेवली तर घसट वाढते. रुंद ठेवली तर रक्त मागे गळते, पंपाची ताकद वाया जाते, आणि प्रवाह मंद झाला की कोपऱ्यात गुठळी धरते. ‘हार्टमेट २’ पंपाच्या बाबतीत २०१४ मध्ये तीन मोठ्या अमेरिकी केंद्रांनी कळवले की बसवल्यापासून तीन महिन्यांत गुठळी होण्याचे प्रमाण २.२ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर गेले आहे. ‘एचव्हॅड’ नावाच्या दुसऱ्या पंपाची विक्री जून २०२१ मध्ये थांबली. त्याच्या रुग्णांत पक्षाघातासारखे मेंदूचे विकार जास्त दिसत होते, शिवाय थांबलेला पंप पुन्हा सुरू न होण्याचा धोका होता.

‘हार्टमेट ३’ने या कोंडीतून वाट काढली. त्याचे पाते चुंबकाच्या बळावर कशालाही न टेकता तरंगते, त्यामुळे भोवती मोकळ्या फटी ठेवता आल्या. दर दोन सेकंदांनी ते वेग कमी-जास्त करते, म्हणजे कोपऱ्यातले रक्त धुऊन निघते. एक हजारावर रुग्णांच्या तुलनेत दोन वर्षांत पंपात गुठळी झाल्याचा संशय जुन्या पंपात १३.९ टक्के आणि नव्यात १.४ टक्के रुग्णांत आला. रक्तस्राव कमी झाला, पण संपला नाही. दोरा अजूनही तुटतोच.

मुंबईत सेन यांच्यानंतर ४७ वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने मुलुंडला पुण्याहून आणलेल्या हृदयाचे प्रत्यारोपण केले. अवयवदात्यांची वाट पाहणाऱ्यांना तोवर जगवायला असे पंप उपयोगी पडतात, पण त्यांची किंमत सामान्य घराच्या आवाक्यापलीकडची आहे. तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा संस्था आणि विक्रम साराभाई अवकाश केंद्र यांनी देशी रक्तपंपावर काम केले आहे. आयआयटी कानपूरने ‘हृदयंत्र’ प्रकल्प हाती घेतला आहे. श्रीचित्राचा पूर्वानुभव इथे भरवशाचा आहे. तिथे घडलेली यांत्रिक झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसली आणि पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांत पोचली. लहानपणीच्या सांधेतापाने झडपा गमावलेल्या अनेक गरिबांना तिचाच आधार मिळाला.

गावच्या लॅबमध्ये

अशी झडप किंवा पंप घेऊन गावी परतलेल्या माणसाच्या बाबतीत दोन गोष्टींवर नजर ठेवावी लागते: लघवीचा रंग आणि रक्तातले एलडीएच हे पेशींच्या आतले विकर. पेशी फुटल्या की एलडीएच वाढते. पंपात गुठळी धरू लागली तर बाकी लक्षणांच्या आधी हा आकडा चढतो, आणि नेहमीच्या कमाल मर्यादेच्या अडीचपट झाला तर रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात बोलावतात.

पण हाच आकडा फसवाही असतो. बारीक सुईने, जोराने दट्ट्या ओढून रक्त काढले, तर सिरिंजमध्ये तीच तीव्र ओढ आणि तीच चिंचोळी वाट तयार होते जी डायलिसिसच्या मुडपलेल्या नळीत असते. सुई न काढता नमुना बाटलीत जोराने सोडला, तर पेशी दुसऱ्यांदा त्याच वाटेने जातात. मग तो नमुना सेंट्रिफ्यूजवर न फिरवता गाडीच्या डिकीत घाटातून हिंदकळत गेला, तर शहरातल्या लॅबमध्ये रक्तद्रव गुलाबी निघतो. जगभरच्या प्रयोगशाळांत नमुने नाकारले जाण्याचे सर्वात मोठे कारण हेच आहे. अशा नमुन्यात एलडीएच खोटे वाढलेले दिसते आणि ठणठणीत चालणाऱ्या पंपावर संशय जातो. हॅप्टोग्लोबिनची तपासणी इथे निवाडा करते. पेशी अंगात फुटत असतील तर ते घटलेले असते, बाटलीत फुटल्या असतील तर जागच्या जागी असते. ती सोय नसेल तर नमुना पुन्हा घ्यावा लागतो. या वेळी जाड सुईने, दट्ट्या सावकाश ओढून, सुई काढून, रक्त बाटलीच्या कडेने ओघळू देत, न हलवता, आणि गाडीत चढवण्याआधी तालुक्यातच सेंट्रिफ्यूजवर पेशी वेगळ्या करून.